किल्ली कोणाच्या कमरेला?

“एकत्र कुटुंब हाच खरा साम्यवाद,” हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी ऐकलेले असते. व्याख्यानमालेत ऐकलेले असते, नाहीतर घरातल्या एखाद्या काकांच्या तोंडून, जेवणे झाल्यावर सुपारी कातरताना. त्याच्या मागोमाग आणखी दोन वाक्ये येतात. “अपरिग्रह म्हणजे आम्हा जैनांचा समाजवाद.” आणि “आपण पेढीवर बसणारी माणसं, आपण भांडवलवालेच की!”

तीन वाक्यांत तीन मोठाले विचार घरच्या पाटावर येऊन बसतात. ऐकायला छान वाटते. पण या वाक्यांचा उपयोग कुठे होतो ते बघा. सुनेने दुकानाच्या हिशेबाविषयी विचारले, लेकीने वडिलांच्या जमिनीविषयी विचारले, की पहिले वाक्य पुढे येते. “सगळं आपलंच आहे की, वेगळं काय मागतेस?” राजकारणाच्या पुस्तकातला शब्द घरात तोंड बंद करायला वापरला जातो. म्हणून हे तीन शब्द एकदा नीट निवडून, पाखडून घ्यावेत असे मला वाटले. बी.ए.ला असताना यांच्यावर टिपा लिहून मार्क मिळवता आले. घर चालवायला लागल्यावर त्याच शब्दांना वेगळे प्रश्न विचारावेसे वाटू लागले.

आधी अर्थ सरळ सांगते. भांडवलशाहीत जमीन, कारखाना, दुकान खाजगी मालकीचे असते. काय बनवायचे आणि कितीला विकायचे हे बाजार ठरवतो, आणि नफा मालकाचा. साम्यवादाचे स्वप्न असे, की उत्पादनाची सगळी साधने सर्वांची व्हावीत, गरीब-श्रीमंत हे वर्गच उरू नयेत, प्रत्येकाने झेपेल तेवढे काम करावे आणि लागेल तेवढे घ्यावे. समाजवाद हा शब्द जरा सैल आहे. कोणी त्याला साम्यवादाकडे जाणारी पायरी मानतात. कोणी म्हणतात, मोठे उद्योग सरकारने चालवावेत. तर कोणाच्या मते कारखाने खाजगी राहू द्यावेत, पण कर घेऊन शाळा, दवाखाना, म्हातारपण सगळ्यांचे सांभाळावे. तिन्हींचे मुख्य भांडण मालकीवरून आहे. हे कोणाचे, एवढाच प्रश्न.

आपल्याला मात्र कोठीघरामुळे दुसराही एक प्रश्न माहीत आहे. कोठीतले धान्य कोणाचे, असे विचारले तर उत्तर येते, “सगळ्यांचे.” किल्ली कोणाच्या कमरेला, असे विचारले तर एकाच माणसाचे नाव येते. मालकी आणि किल्ली या दोन वेगळ्या वस्तू आहेत. म्हणून मी या तिन्ही व्यवस्थांना तीन प्रश्न विचारणार आहे. किल्ली कोणाकडे? कोणाचे काम वहीत चढते? आणि ज्याच्यावर अन्याय होतो त्याला बोलायला किंवा निघून जायला वाट आहे का?

भांडवलशाहीपासून सुरुवात करू. ॲडम स्मिथचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ हा ग्रंथ १७७६ साली आला. त्यातले एक म्हणणे जगभर पोचले आहे. आपल्याला जेवण मिळते ते खाटीक आणि पाववाला दयाळू आहेत म्हणून नव्हे, तर त्यांना स्वतःचा फायदा हवा असतो म्हणून. खाटकाचे उदाहरण आपल्या कानाला रुचणार नाही, पण मुद्दा खरा आहे. आपला किराणावाला, भाजीवाली, दूधवाला कोणी उपकार म्हणून दारात येत नाही. पण स्मिथने लग्न केले नव्हते. आयुष्याचा मोठा काळ तो आईबरोबर राहिला. १७८४ मध्ये आई वारली तेव्हा तो स्वतः साठीला आलेला होता. घर सांभाळायला एक चुलत-मावस नात्यातली बहीणही होती. जिन्नस बाजारातून आला, तो कोणी कोणत्या फायद्यासाठी दिला हे स्मिथने सांगितले. तो शिजवून ताटात कोणी वाढला, हा हिशेब त्या ग्रंथात नाही.

ही चूक एका माणसापुरती राहिली नाही. पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले, की एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. काम तेच, घर तेच, बाई तीच. पगार थांबला, म्हणून वहीतून काम गेले. आजही देशाचे उत्पन्न मोजताना घरच्या माणसांसाठी केलेला स्वयंपाक, धुणीभांडी, आजारपण धरले जात नाही. आपल्या सरकारने २०१९ मध्ये लोक आपला वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा तेव्हा त्यात सरासरी रोज २९९ मिनिटे वेळ जात होता, आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. त्यातही असे काम करणारे पुरुष शंभरात सव्वीसच निघाले. म्हणजे हे ९७ सुद्धा करणाऱ्यांचे. बाकीचे चौऱ्याहत्तर त्या सरासरीत नाहीतच!

आणखी एक गोष्ट. खाजगी मालमत्ता पवित्र मानणाऱ्या इंग्लंडमध्येच लग्न झालेल्या बाईला शतकानुशतके स्वतःची मालमत्ता ठेवता येत नव्हती. तिने गिरणीत कमावलेली मजुरीसुद्धा कायद्याने नवऱ्याची. १८७० चा कायदा झाला तेव्हा मजुरी तिची झाली, आणि १८८२ च्या कायद्याने मालमत्ता. कारखाने त्याच्या कितीतरी आधीपासून धडधडत होते. बाजार खुला होता, पण बाजारात उभे राहायला अर्ध्या माणसांकडे स्वतःची थैलीच नव्हती.

तरी या व्यवस्थेचे एक श्रेय द्यायलाच हवे. तिने बाईच्या कामाला पहिल्यांदा तिच्या हातात पैसा दिला. शिवणयंत्र घेऊन ब्लाउज शिवणारी, पापड-सांडगे करून विकणारी, शिकवण्या घेणारी बाई घरात वेगळ्या आवाजात बोलते, हे आपण पाहिले आहे. एका गिऱ्हाइकाने छळले तर ती दुसरे धरू शकते. निघून जायची वाट ही भांडवलशाहीची खरी देणगी आहे. पण ती वाट त्यालाच, ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत. ज्या मजुराला उद्याचे पीठ आजच्या मजुरीतून आणायचे असते, त्याला मालक बदलायचे स्वातंत्र्य कागदावरच राहते.

साम्यवाद नेमका या मजुराचा कैवार घेऊन आला. बायकांचा विचारही त्याने इतरांहून आधी केला, हे मान्य करायला हवे. एंगल्सने १८८४ साली कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांच्या उगमावर पुस्तक लिहिले. बाईची गुलामी ही निसर्गाने दिलेली नाही, ती मालमत्तेच्या वारशातून आलेली आहे, असे त्याने मांडले. त्या काळात हे फार धीट म्हणणे होते. पण इथेही जरा स्वयंपाकघरात डोकावू. मार्क्सचे अक्षर इतके गिचमिड, की त्याच्या लेखनाच्या प्रती त्याची बायको जेनी करून देई. दारिद्र्यात घर चालवले ते हेलेन डेमुथ नावाच्या बाईने. जेनीच्या माहेराहून ती आली आणि वर्षानुवर्षे त्या घरात राबली. लंडनच्या हायगेट स्मशानभूमीत मार्क्स कुटुंबाच्याच थडग्यात तिलाही पुरले आहे. हा मान मोठा आहे. पण श्रमाचे मूल्य मांडणाऱ्या त्या जाडजूड ग्रंथात हेलेनच्या श्रमाचा खातेउतारा सापडत नाही.

रशियात क्रांतीनंतर वर्षभरात, १९१८ मध्ये, नवा कुटुंब कायदा आला. लग्न आणि घटस्फोट यांत बाईला बरोबरीचे हक्क मिळाले. १९१९ मध्ये पक्षाने बायकांसाठी खास विभाग काढला. सार्वजनिक भोजनालये, पाळणाघरे, धुलाई केंद्रे यांचे बेत झाले. चूल हीच बाईची बेडी आहे, तेव्हा चूलच समाजाची करा, असा विचार. वाचताना आपल्यालाही क्षणभर हायसे वाटते की नाही? पण १९३० साली तो विभाग बंद केला गेला. कारण काय, तर बायकांचा प्रश्न आता सुटला आहे! पुढे रशियात बायका डॉक्टर झाल्या, इंजिनिअर झाल्या, ट्रॅक्टर चालवू लागल्या, अवकाशातही गेल्या. संध्याकाळी रांगेत उभे राहून पाव-दूध आणून स्वयंपाकही त्यांनीच केला. आणि पक्षाच्या सर्वोच्च मंडळात पूर्ण सदस्य म्हणून पहिली बाई, येकातेरिना फुर्त्सेवा, पोचली ती १९५७ मध्ये. क्रांतीला चाळीस वर्षे झाली होती.

चीनचा अनुभव तर प्रत्येक गृहिणीने वाचावा असा आहे. १९५८ मध्ये माओच्या राजवटीत खेडोपाडी लोकांचे कम्यून झाले आणि सार्वजनिक भोजनशाळा निघाल्या. घरची चूल बंद. कित्येक ठिकाणी घरातली भांडीकुंडीसुद्धा पोलाद वितळवायला नेली. सुरुवातीला सगळे पोटभर जेवले, बायका शेतावर जाऊ लागल्या. मग वरून आकडे फुगवून पाठवले गेले, सरकारने त्या फुगलेल्या आकड्यांप्रमाणे धान्य उचलले आणि भोजनशाळेच्या पातेल्यात पाणीच पाणी उरले. १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत कोट्यवधी माणसे उपासमारीने गेली. त्या काळच्या नोंदींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. पळी ज्याच्या हातात, तो ठरवत असे की कोणाला तळातले दाट वाढायचे आणि कोणाला वरचे पाणी. कामावर आला नाही, उलट बोलला, तर वाढायचेच नाही. घरात चूल नाही, भांडे नाही, गाव सोडून जायची मुभा नाही. १९६१ मध्ये भोजनशाळा गुंडाळल्या.

मला यातून जे दिसते ते असे. धान्य सर्वांचे होते, यात खोटे काही नव्हते. पण पळी एकाच्याच हातात होती, आणि ती काढून घेण्याचा अधिकार जेवणाऱ्यांना नव्हता. सर्वांची मालकी आणि एकाची किल्ली अशी गाठ पडली, की तक्रार करणाऱ्यालाच सर्वांचा शत्रू ठरवता येते. “सगळं आपलंच आहे की, वेगळं काय मागतेस?” या वाक्याचा हा मोठा अवतार.

आता समाजवाद. त्याच्या सुरुवातीच्या माणसांत रॉबर्ट ओवेन हे नाव घेतात. हा स्वतः गिरणीमालक. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क इथे त्याने दहा वर्षांखालची मुले कामावर घेणे बंद केले आणि १८१६ साली लहान मुलांसाठी शाळा उघडली. आया कामावर आणि लेकरे शाळेत. हा माणूस मला आवडतो. पण तिथेही किल्ली एका भल्या माणसाच्या कमरेला होती. भागीदारांना मुलांच्या शाळेवरचा खर्च खुपत असे. नवे भागीदार मिळाले म्हणून निभावले. भला सासरा आणि भली सासू मिळाली तर सून सुखी. हे नशीब झाले, व्यवस्था नव्हे.

स्वीडनने यापुढची गोष्ट केली. तिथे कारखाने बहुतेक खाजगीच आहेत. पण कर जबर आणि शाळा, दवाखाना, बालसंगोपन यांची हमी सगळ्यांना. १९७१ पासून नवरा-बायकोचा कर वेगवेगळा मोजू लागले, त्यामुळे बाईची कमाई नवऱ्याच्या कमाईची शेपूट राहिली नाही. १९७४ पासून बाळंतपणानंतरची पगारी रजा आई-बाप दोघांना मिळाली. बाळ सांभाळणे हे काम आहे आणि ते बापालाही करता येते, हे सरकारी वहीत चढले. तरी बरीच वर्षे बापांनी रजा फारशी घेतली नाही, म्हणून १९९५ मध्ये एक महिना असा राखून ठेवला, की त्याने घेतला नाही तर बुडाला. मग बाप घरी बसू लागले. नुसता उपदेश केला असता तर बसले असते का?

आपल्याकडे ‘समाजवादी’ हा शब्द राज्यघटनेच्या उद्देशिकेत १९७६ मध्ये आला, पण सवय त्याआधीची. १९६९ मध्ये चौदा बँका सरकारी झाल्या. रेशनची रांग, रॉकेलचा कॅन, गॅसच्या नंबरासाठी वर्षानुवर्षे वाट, हे आपल्या पिढीने लहानपणी पाहिले. त्या रांगेत किल्ली दुकानदार आणि अधिकाऱ्याच्या हातात होती आणि ‘साखर संपली’ म्हणणाऱ्यापुढे आपले काही चालत नव्हते. पण त्याच रेशनमुळे गरिबाच्या घरी तांदूळ शिजला, हेही खरे. आणि एक फरक मोठा होता. सरकार वाईट वागले तर पाच वर्षांनी मत देऊन बदलता येत होते. १९७७ मध्ये लोकांनी ते करून दाखवले. चीनच्या त्या भोजनशाळेत अशी सोय नव्हती.

एवढे पाहिल्यावर आता घरी येऊ. एकत्र कुटुंब म्हणजे साम्यवाद आहे का?

बाहेरून बघता तसे दिसते. कमावतो तो एका पेटीत टाकतो, लागेल तसे सगळ्यांना मिळते, आजाऱ्याला, विधवेला, शिकणाऱ्याला घर सांभाळते. ही माया खोटी नाही. पण तीन प्रश्न लावून बघा. पेटीची किल्ली मोठ्या मुलाकडे किंवा सासऱ्यांकडे. पहाटेपासून भाकऱ्या बडवणाऱ्या तिघी जावांचे काम वहीत कुठेच नाही. आणि बोलायची वाट? “घर फोडलं” हा शिक्का नेहमी सुनेच्याच कपाळावर बसतो. म्हणजे मालकी सर्वांची म्हणायची आणि किल्ली एकाची ठेवायची, हा दोष इथेही आहे. त्याला साम्यवाद म्हणायचे असेल तर म्हणा, पण मग त्याची खोडही मान्य करा.

आपल्या बेळगावपासून घाट उतरला की गोवा. तिथली गावकारीची पद्धत, म्हणजे कोमुनिदाद, फार जुनी. गावची जमीन गावकऱ्यांच्या समूहाची, एकट्याची नाही. उत्पन्नातून देऊळ, बांध, पाट यांचा खर्च आणि उरलेल्याची वाटणी. सामूहिक मालकीचा आपल्या शेजारचा इतका सुंदर नमुना दुसरा नसेल. पण परंपरेने गावकार म्हणून वाटा मिळे तो पुरुष वारसांना. त्याच गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने लग्नानंतर, वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी होते. आई-बापाला मृत्युपत्र करूनही मुलांचा, म्हणजे मुलींचाही, अर्धा भाग तोडता येत नाही. जैन असो, हिंदू असो, ख्रिस्ती असो, कायदा एकच. आपल्याकडच्या बायकांना याचा हेवा वाटावा. मात्र त्या जुन्या संहितेने मालकी दोघांची ठेवून कारभार नवऱ्याकडे दिला होता. पुन्हा किल्ली!

घाटाच्या या बाजूला आपल्याला हिंदू वारसा कायदा लागू आहे, त्यात जैनही येतात. १९९४ मध्ये कर्नाटकाने आणि महाराष्ट्रानेही लग्न न झालेल्या मुलींना वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. २००५ मध्ये तो देशभर सगळ्याच मुलींना मिळाला. आणि कायद्यापाठोपाठ घरोघरी एक कागद आला, हक्कसोडपत्र. भाऊबीज आणि राखी यांच्या आणाभाका घालून, “अक्का, एक सही कर,” म्हणून तो पुढे सरकवला जातो. कित्येक बहिणी प्रेमाने सही करतात आणि त्यात काही वाईट नाही. स्वतःचे सोडणे हा तर आपला धर्मच. पण सोडायला आधी ते आपले आहे हे कळले पाहिजे. काय सोडते आहे हे न वाचता केलेली सही हा त्याग नव्हे.

इथे दुसऱ्या वाक्याशी येऊन पोचलो. अपरिग्रह म्हणजे समाजवाद का?

गृहस्थासाठी पाचवे अणुव्रत आहे परिग्रह-परिमाणाचे. शेत, घर, सोने, चांदी, धन, धान्य यांची मर्यादा स्वतः ठरवायची आणि तिच्यावर जायचे नाही. तिन्ही व्यवस्थांकडे नसलेला एक प्रश्न या व्रताकडे आहे, ‘पुरे किती?’ भांडवलशाहीला तो विचारता येत नाही, कारण आणखी हवे असण्यावर तर तिचे चाक फिरते. साम्यवादही उत्पादन वाढवण्याच्या शर्यतीत उतरला आणि पोलादाचे आकडे मोजत बसला. या बाबतीत आपल्या आचार्यांची नजर किती पुढची होती याचे मला फार कौतुक वाटते.

पण व्रत आणि व्यवस्था यांत फरक आहे. व्रत मी स्वतःवर घालते, त्यातून दुसऱ्याला काही मागण्याचा अधिकार मिळत नाही. माझ्या मर्यादेवरचे मी दान दिले तर ते माझे पुण्य. घेणाऱ्याला ते हक्क म्हणून मागता येत नाही, आज दिले आणि उद्या दिले नाही तरी त्याला विचारता येत नाही. समाजवादाचे सगळे म्हणणे या एका शब्दावर उभे आहे, हक्क. मुलीला शाळा मिळावी ती शेठजी उदार आहेत म्हणून नव्हे, ती या देशाची मुलगी आहे म्हणून. गांधीजींनी श्रीमंतांना विश्वस्त व्हायला सांगितले, तिथेही हीच अडचण राहिली. विश्वस्ताची वही कोण तपासणार?

आणखी एक टोचणारी गोष्ट सांगते. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची जी यादी आहे, तिच्यात सोन्या-धान्याबरोबर दास आणि दासीही आहेत. त्या काळच्या समाजात माणसेही मालमत्तेत मोजली जात, आणि आचार्यांनी निदान त्यांचीही मर्यादा करायला लावली, असा त्याचा अर्थ मी घेते. पण आज वाचताना एक प्रश्न मनात येतो. त्या यादीत ज्या दासीचे नाव आहे, तिने कोणते परिमाण करायचे? मर्यादा करायला आधी काही असावे लागते. उपवास, एकाशन, रसत्याग यांत आपण बायका पुढे. परिग्रहाचे परिमाण मात्र ज्याच्या नावावर सातबारा किंवा उतारा आहे, त्यालाच खऱ्या अर्थाने करता येते.

म्हणून अपरिग्रहाला समाजवाद म्हणणे हे दोघांवरही अन्याय करणारे आहे. समाजवादाला मनाचा संयम शिकवता आला नाही, तो अपरिग्रह शिकवतो. अपरिग्रहाला दुसऱ्याचा हक्क लिहून देता आला नाही, तो समाजवाद देतो. एकाचे नाव दुसऱ्याला दिले की दोन्हींतून सुटका करून घेता येते.

आणि “आपण भांडवलवालेच” या तिसऱ्या वाक्याचे काय? आपल्याच समाजातली दोन माणसे घ्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९१९ मध्ये भागीदारांबरोबर सिंधिया ही बोटींची कंपनी काढली आणि इंग्रजांच्या मक्तेदारीला टक्कर दिली. त्याच १९१९ साली कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. एकाने भांडवल उभे करून देशाची जहाजे समुद्रात नेली, दुसऱ्याने ‘कमवा आणि शिका’ म्हणत गरिबांच्या मुलांना श्रमाच्या बदल्यात शिक्षण दिले. दोन्ही वाटा आपल्याच. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत. त्या पंगतीत अन्न वाढले लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने. धान्य संपले तेव्हा त्यांनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. आपण ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगतो आणि लगेच त्यागाची मूर्ती म्हणून त्यांना कोनाड्यात बसवतो. मला वाटतं, त्यांना संस्थेच्या पहिल्या भांडवलदार म्हणावे. त्यांचे सोने हे त्या संस्थेचे भांडवल होते, आणि त्यांचे हात हे तिचे श्रम. वहीत ही रक्कम ‘त्याग’ म्हणून जाते, ‘भांडवल’ म्हणून जात नाही. खाते बदलले की मानही बदलतो.

तिन्ही प्रश्नांना बऱ्यापैकी उत्तर देणारे एक उदाहरण आपल्या डब्यातच आहे. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती लिज्जत. तिथे पापड लाटणारी बहीणच संस्थेची भागधारक. लाटणावळ तिला मिळते, नफा-तोट्यात तिचा वाटा असतो आणि संस्था चालवणाऱ्याही त्यांच्यातल्याच. माल बाजारात स्पर्धेत विकायचा, ही भांडवलशाही. वाटणी सगळ्यांत, हा समाजवाद. कोणी त्या बायकांना आधी यातला कोणता वाद पटतो ते विचारले नव्हते. किल्ली, वही आणि वाट या तीन गोष्टी मात्र त्यांनी आपल्या हातात ठेवल्या.

तेव्हा कोणी विचारले, की तुम्हाला या तिन्हींतले कोणते पटते, तर मी म्हणेन, ज्या व्यवस्थेत किल्ली मागून घेता येते, वही वाचता येते आणि नाही म्हणता येते, ती. बाजाराला मी नाही म्हणणार नाही, पण शाळा आणि दवाखाना बाजारावर सोडणार नाही. कर भरीन, पण हिशेब विचारीन. आणि ‘पुरे किती’ हे मला कोणी कायद्याने सांगू नये, ते माझ्या व्रताने मी ठरवीन.

याची सुरुवात दिल्लीत करायची गरज नाही. आपल्या मंदिराच्या, वसतिगृहाच्या, पतसंस्थेच्या वार्षिक सभेला महिला मंडळाला बोलावणे येते ते भोजनाची व्यवस्था सांभाळायला. यंदा वाढणे लवकर आटोपून आत जाऊन बसा, आणि ताळेबंद वाचला जाईल तो ऐका. समजले नाही ते उभे राहून विचारा. घरी सहीसाठी कागद आला तर “दोन दिवस ठेवा, वाचून देते,” एवढे म्हणा. कोणाशी भांडण नको, घर फोडणे तर नकोच. सगळे आपलेच आहे असे म्हणतात ना, मग आपल्याच घरचा हिशेब वाचायला कोणाची आडकाठी असणार?